सिबिलवर लेटच्या दोन नोंदी लागल्या होत्या, एक निघाली, एक राहिली

नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत आमच्या घरात एकच विषय होता, सिबिल, म्हणजे आपण लोनचे हप्ते आणि कार्डाची बिलं वेळेवर भरतो का याचा रिपोर्ट आणि त्यावरचा स्कोअर. आता होमलोन सॅन्क्शन झालंय, पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा करारनामा पण झालाय, म्हणून सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढतेय. आधी काय करायचं, मग काय, कुठे पैसे भरायचे आणि कुठे लगेच भरायचे नाहीत, हे मला तेव्हा कोणी क्रमाने सांगितलं असतं तर खूप रात्री नीट झोप लागली असती.

मी नाशिकमध्ये एका खासगी विनाअनुदानित शाळेत शिकवते, नवरा सातपूरला कंपनीत आहे. २८ लाखांचं लोन दोघांच्या नावावर टाकलं होतं, फाइल दिली १० नोव्हेंबर २०२५ ला. १४ तारखेला शाळेत बालदिनाचा कार्यक्रम चालू असतानाच बँकेतून फोन, मॅडम एकदा येऊन जा. संध्याकाळी दोघं गेलो. लोन ऑफिसरने स्क्रीन आमच्याकडे फिरवली, साहेबांचा स्कोअर ७७१ आहे, तुमचा ६८४, तुमच्या एका कार्डला दोनशे दिवसांच्या वर ओव्हरड्यू दिसतंय आणि स्कूटरच्या लोनला पण एक लेट आहे. कार्डचं असं दिसत असताना फाइल पुढे जाणारच नाही, आणि ते क्लिअर झालं तरी स्कोअर वाढला नाही तर रेट साडेसातऐवजी आठ लागेल. घरी येऊन हिशोब केला तर २८ लाखांना २० वर्षांसाठी अर्ध्या टक्क्याने हप्ता महिन्याला ८६० रुपयांच्या आसपास वाढतो, म्हणजे एकूण दोन लाखांच्या वर. बिल्डरला टोकन देऊन बसलो होतो आणि करारनाम्याला जानेवारीअखेरपर्यंतचीच मुदत होती. नवरा एका शब्दाने काही बोलला नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटत होतं. माझ्यामुळे घर जाणार असं पक्कं डोक्यात बसलं होतं.

त्याच रात्री रिपोर्ट काढला. आपण सगळ्याला सिबिलच म्हणतो पण भारतात अशा चार कंपन्या आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाच असतो. साइटवर पैसे देऊन घ्यायचे प्लॅन पण असतात, ते घ्यायची गरज नाही, वर्षातून एकदाचा फ्री रिपोर्ट हा पर्याय निवडायचा. पॅन, जन्मतारीख आणि मोबाइलवरचा ओटीपी एवढ्यावर काम होतं. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्याने स्कोअर कमी होत नाही, हे मला आधी कोणीतरी उलटं सांगितलं होतं. लोनसाठी बँकेने रिपोर्ट काढला तर त्याची मात्र एन्क्वायरी म्हणून नोंद होते आणि त्याने स्कोअर कमी होऊ शकतो. म्हणून ब्रोकर जे म्हणत होता, पाच बँकांत फाइल टाकून बघू कुठे बसते, त्याला आम्ही साफ नाही सांगितलं.

रिपोर्टमधला स्कोअर सोडून थेट खात्यांच्या भागात जायचं. प्रत्येक लोन किंवा कार्डाखाली चौकटींची रांग असते, एका चौकटीत महिना आणि एक आकडा, मागच्या ३६ महिन्यांपर्यंत. तो आकडा म्हणजे डीपीडी, हप्ता किंवा बिल किती दिवस थकलेलं होतं ते. ०००  म्हणजे वेळेवर. एक्सएक्सएक्स असेल तर त्या महिन्याची माहितीच बँकेने दिलेली नाही, त्याला घाबरायचं कारण नाही. माझ्या स्कूटरच्या लोनला सगळीकडे ००० आणि मध्येच जून २०२५ ला ०२५. आणि कार्डाला एप्रिलपासून ०२४, ०५५, ०८५, ११६, १४७, १७७, ऑक्टोबरला २०८. ती ओळ बघून माझे हात गार पडले, कारण ते कार्ड मी वर्षभरापूर्वी बंद केलेलं होतं.

दोन्ही नोंदी एकाच रिपोर्टमध्ये असल्या तरी दोन्हींचा रस्ता वेगळा निघाला, म्हणून वेगवेगळं सांगते.

स्कूटरची नोंद खरी होती. आमच्यासारख्या शाळांत मे-जूनचे पगार नेहमीच लांबतात, सुट्टीत फी जमा होत नाही, पण २०२५ ला फारच लांबला. हप्ता ३,२४० चा, तारीख ५. पाच जूनला खात्यात तेवढे पैसे नव्हते, मुलाची फी आणि युनिफॉर्म नुकतंच झालेलं, नवऱ्याचा पगार घरभाड्यात आणि सासऱ्यांच्या औषधात. मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची दिलेली परवानगी, बाउन्स झालं. फायनान्स कंपनीने ५०० आणि वर १८ टक्के जीएसटी असे ५९० लावले. माझं सेव्हिंग खातं ज्या बँकेत आहे तिने मँडेट रिटर्नचे २५० अधिक जीएसटी म्हणजे २९५ वेगळे कापले. मग फायनान्सवाल्यांनी काही दिवसांनी तेच मँडेट परत टाकलं, पैसे नव्हतेच, परत २९५. एका ३,२४० च्या हप्त्यावर जवळजवळ बाराशे रुपये असेच गेले, वर पीनल चार्ज निराळा. एक बरं आहे की रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून लोनवर दंडाचं व्याज लावणं बंद केलंय, आता नुसता चार्ज लावता येतो आणि त्या चार्जवर पुढे व्याज चढवता येत नाही. पगार ३ जुलैला जमा झाला, त्याच दिवशी लिंकवरून जूनचा हप्ता भरला आणि जुलैचा खात्यात ठेवला.

तेव्हाच फायनान्स कंपनीला मेल केला होता की दोन वर्षांत पहिल्यांदाच बाउन्स झालंय, पगाराचं असं असं कारण आहे, चार्ज माफ करा. त्यांनी ५९० परत दिले. मला वाटलं विषय संपला. पण लेट फी माफ होणं आणि रिपोर्टमधली नोंद जाणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. फी हा कंपनीच्या हातातला पैसा, विनंती केली, आधीचा रेकॉर्ड चांगला असला तर बऱ्याचदा सोडतात. नोंद म्हणजे त्या तारखेला खातं थकलेलं होतं की नाही एवढंच. ३० जूनला माझं खातं थकलेलं होतं, ते खरंच आहे, आणि खरी नोंद कोणीही काढू शकत नाही. जानेवारी २०२५ पासून तर बँकांना महिन्यातून निदान दोनदा कोणाचं किती थकलंय ते कळवावं लागतं, त्यामुळे आधी महिनाअखेरच्या आत भरून जे निभावून जायचं ते आता निभावेल असं धरून चालू नका.

आता कार्ड. हे पहिलं वर्ष फ्री म्हणून घेतलेलं, वापर होत नव्हता म्हणून बाकी शून्य असताना १४ ऑक्टोबर २०२४ ला बंद करायचा मेल केला, रिक्वेस्ट नंबरचा एसएमएस आला, ॲपमधून पण कार्ड गायब झालं. मी ते कापून टाकलं. प्रत्यक्षात बँकेच्या बिलिंगमध्ये खातं जिवंत राहिलं, मार्च २०२५ ला वर्षाची फी ४९९ अधिक जीएसटी अशी ५८९ लागली, तिची तारीख ६ एप्रिल, आणि मग दर महिन्याला ५०० ची लेट फी अधिक जीएसटी. सात महिन्यांचे ४,१३० आणि मूळ ५८९, एकूण ४,७१९. स्टेटमेंट नाही, एसएमएस नाही, काही नाही.

कार्डाच्या कस्टमर केअरला फोन केला तर पलीकडून एकच, मॅडम पेमेंट करून टाका, सगळं क्लिअर होईल. दुसऱ्याच दिवशी वसुलीवाल्याचा फोन, दोन हजार द्या, सेटलमेंट करून देतो. खरं सांगते, मी भरायलाच निघाले होते. घर अडकलेलं असताना ४,७१९ ही काय रक्कम आहे, असंच वाटत होतं. माझा मावसभाऊ एका पतसंस्थेत वसुली बघतो, त्याला फक्त विचारावं म्हणून फोन केला तर तो ओरडलाच. ताई, थांब, एक रुपया भरू नकोस. तू भरलेस म्हणजे थकलं होतं हे तूच मान्य केलंस, मग पुढून शून्य होईल पण ते २०८ पर्यंतचे आकडे तसेच राहतील. आणि सेटलमेंट तर बिलकुल नको, खात्यावर सेटल्ड असा शिक्का बसला की पुढचा प्रत्येक बँकवाला त्याचा अर्थ पूर्ण पैसे दिले नाहीत असाच काढतो. आपल्याला क्लोज्ड पाहिजे. बंद केल्याचा कागद आहे का तुझ्याकडे?

कागद होता. मेल सापडला, आणि रिक्वेस्ट नंबरचा एसएमएस पण जुन्या मेसेजेसमध्ये निघाला. तो सापडल्यावर पहिल्यांदा मला जेवण गेलं. इथे एक सांगायलाच पाहिजे, हे न भरणं फक्त फी चुकीची असेल आणि हातात पुरावा असेल तरच. बिल खरं असेल तर आधी भरा आणि मग काय ते भांडा, कारण प्रत्येक दिवस मोजला जातो.

नियम पण भावानेच सांगितले आणि मी रिझर्व्ह बँकेच्या साइटवर जाऊन वाचले. २०२२ च्या क्रेडिट कार्डाच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की बाकी नसेल तर कार्ड बंद करायची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे. त्याच नियमांत अजून एक उपयोगाचं आहे, बिलाची तारीख उलटून तीन दिवसांपर्यंत कार्ड कंपनीला लेट फी लावता येत नाही आणि लेट म्हणून कळवता पण येत नाही. चौथ्या दिवसापासून लावता येते आणि तेव्हा मोजणी मूळ तारखेपासूनच होते. ही सवलत कार्डालाच आहे, लोनच्या हप्त्याला नाही. आणि मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर लिहिलेली कमीत कमी रक्कम, भरला तर लेट फी आणि लेटची नोंद वाचते पण उरलेल्या रकमेवर व्याज चालू होतं आणि नवीन खरेदीवर पण बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, ते एक लक्षात ठेवा.

२१ नोव्हेंबरला एकाच दिवशी दोन गोष्टी केल्या. बँकेच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला मेल, त्यात मेलचा आणि एसएमएसचा स्क्रीनशॉट, रिपोर्टचं ते पान, आणि मागण्या सुट्या सुट्या लिहिलेल्या: फी पूर्ण रिव्हर्स करा, खातं ऑक्टोबर २०२४ पासून बंद दाखवा, एप्रिल ते ऑक्टोबरचे डीपीडी दुरुस्त करून चारही कंपन्यांना कळवा, नो ड्यूजचं, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र द्या. माफ करा हा शब्द मुद्दाम कुठेच वापरला नाही, कारण माफी म्हणजे देणं होतं पण सोडलं असा अर्थ निघतो. आणि सिबिलच्या साइटवर लॉगिन करून डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार टाकली. तिथे खातं निवडून त्यातली नेमकी कुठली माहिती चुकीची आहे ते दाखवायचं असतं. फुकट आहे. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर आणि तक्रारीचा नंबर दोन्ही वहीत लिहून ठेवा, पुढे सगळीकडे तेच विचारतात. सिबिल स्वतः काही बदलत नाही, ते बँकेला विचारतात आणि बँक जे म्हणेल ते करतात, म्हणून नुसता डिस्प्यूट टाकून बसू नका, बँकेच्या मागे लागायलाच लागतं.

स्कूटरच्या नोंदीवर मी डिस्प्यूट टाकला नाही. त्या आठवड्यात एक एजंट मिळाला होता, आठ हजारात दोन्ही नोंदी साफ करून देतो म्हणे. त्याच्याकडे आपल्यापेक्षा वेगळा कुठलाच रस्ता नसतो, तो पण तोच फुकटचा डिस्प्यूट टाकणार, वर आपला पॅन आणि ओटीपी त्याच्या हातात.

मग वाट बघणं. नियमाने तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे, त्यातले २१ दिवस बँकेला दुरुस्त माहिती पाठवायला, आणि ३० दिवसांच्या पुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हे एप्रिल २०२४ पासून आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डिस्प्यूटचं उत्तर आलं, बँकेने माहिती बरोबर असल्याचं कळवलंय. त्या दिवशी मी शाळेत स्टाफरूममध्ये रडले. भाऊ म्हणाला घाबरू नको, रिपोर्टचं बघणारा विभाग वेगळा आणि तक्रारीचं बघणारा वेगळा, त्यांची फाइल अजून तिथपर्यंत पोचलेली नसते. तसंच निघालं. १२ डिसेंबरला नोडल ऑफिसरचं पत्र आलं, फी रिव्हर्स, खातं १४ ऑक्टोबर २०२४ पासून बंद, दुरुस्ती पाठवत आहोत. ते पत्र आल्यावर सिबिलवर परत डिस्प्यूट टाकला आणि पत्राची कॉपी होमलोनच्या ऑफिसरला देऊन आले. तो चांगला माणूस होता, फाइल त्याने परत पाठवली नाही, धरून ठेवली.

मधल्या काळात त्यानेच सुचवलं की स्कूटरची नोंद निघणार नाही पण तिचं लेखी कारण फाइलला लावता येतं. पगार उशिरा झाल्याचं शाळेचं पत्र आणा. हे सगळ्यात अवघड गेलं. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, पगार उशिरा झाला असं लेटरहेडवर कसं लिहून देऊ, संस्थेला काय सांगू? मी दोनदा तशीच परत आले. शेवटी ऑफिसमधल्या क्लार्क काकांनी मार्ग काढला, कारण वगैरे काही नाही, फक्त मे २०२५ चा पगार दि. ३ जुलै रोजी खात्यात जमा करण्यात आला एवढं एका ओळीचं प्रमाणपत्र, खाली शिक्का आणि सही. त्याला मी बँक स्टेटमेंट जोडलं, ३ जुलैलाच पगार आणि ३ जुलैलाच हप्ता गेलेला, दोन्ही ओळी हायलायटरने रंगवल्या. ऑफिसर म्हणाला बस, मला एवढंच पाहिजे होतं.

कार्डाच्या चौकटी ३० डिसेंबरला दुरुस्त झाल्या. खातं क्लोज्ड, थकबाकी शून्य. माझा स्कोअर ७४२ झाला. जूनचे ०२५ तिथेच आहेत आणि ते आकडे मागे सरकत ३६ महिन्यांच्या बाहेर जाईपर्यंत राहणार. तक्रार २१ नोव्हेंबरची, ३० दिवस २१ डिसेंबरला संपले, म्हणून वरच्या नऊ दिवसांचे ९०० रुपये मी मेल करून मागितले, ९ जानेवारीला जमा झाले. आपणहून दिले असते का कोण जाणे, मागायला लागतात असं धरून चला.

लोन जानेवारीच्या मध्याला सॅन्क्शन झालं, पावणेआठने. साडेसात मिळालं नाही, त्या एका जून महिन्यामुळे पाव टक्का गेलाच, त्याची हळहळ आहे. स्कूटरच्या हप्त्याची तारीख मी फायनान्स कंपनीला मेल करून ५ ची १५ करून घेतली, नवीन मँडेट सही करून द्यावं लागलं पण झालं. ज्यांचा पगार मागेपुढे होतो त्यांनी लोन घेतानाच तारीख पगाराच्या बरीच पुढची मागून घ्यावी, तेव्हा कोणी नाही म्हणत नाही. आणि होमलोनचा एक हप्ता वेगळ्या खात्यात पडून राहील असं आम्ही बघतोय, त्या खात्याचं एटीएम कार्डच घेतलं नाही.

दोन कामं अजून बाकी आहेत. कार्ड वेळेत बंद न केल्याचे दिवसाला ५०० रुपये बँकेने नाकारले, फी परत केली त्यात सगळं आलं असं त्यांचं म्हणणं. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार टाकलीय. तिला फी नाही, वकील लागत नाही, फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि तिचं उत्तर पटलेलं नसावं किंवा ३० दिवसांत आलेलं नसावं. आणि बाकीच्या तीन कंपन्यांचे फ्री रिपोर्ट मागवले, त्यातल्या दोघींकडे कार्ड बंद दिसतंय, एकीकडे अजून ४,७१९ थकलेलेच आहेत. सिबिल नीट झालं म्हणून थांबू नका, चारही तपासा. त्या राहिलेल्या एकीसाठी नोडल ऑफिसरला कालच परत मेल केलाय, त्याच १२ डिसेंबरच्या पत्राची कॉपी लावून.